खुर्ची कोणी फिरवली? छोट्या थ्रिलरमधला ताण कुठून येतो

एक बाई घरात एकटी राहते. रात्री झोपण्याआधी ती जेवणाच्या टेबलाच्या चारही खुर्च्या आत सरकवून ठेवते. सकाळी उठून पाहते तर एक खुर्ची बाहेर ओढलेली आणि दाराकडे तोंड करून ठेवलेली. रक्त, भूत, पाठलाग, काहीही नाही. एवढ्याशा भांडवलावर दहा मिनिटांचा लघुपट उभा राहतो का? राहतो, आणि दिग्दर्शक जाणता असेल तर पाहणाऱ्याला जागचं हलू देत नाही. ही गोष्ट मी या लेखापुरती रचली आहे. तिला लावायची तंत्रं मात्र जुनी आहेत, काही तर शंभर वर्षांहून जुनी.

आधी धक्का आणि ताण यांतला नेहमीचा फरक सांगून टाकतो. थरारपटांसाठी नावाजलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. माणसं टेबलाशी बसून काहीतरी किरकोळ बोलतायत आणि अचानक बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला मिळतो 15 सेकंदांचा धक्का. आता तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने आधीच पाहिला असेल आणि तो कधी फुटणार हेही त्याला ठाऊक असेल, तर त्याच किरकोळ गप्पा 15 मिनिटं जीव टांगणीला लावतात. गप्पा बदललेल्या नाहीत. प्रेक्षकाला असलेली माहिती बदलली आहे.

सिनेमा शिकवणारा प्रत्येक जण हे उदाहरण देतो आणि ते योग्यच आहे. पण सायकॉलॉजिकल थ्रिलर, म्हणजे मानसशास्त्रीय थरारपट, हे प्रकरण थोडं निराळं असतं. तिथे टेबलाखाली बॉम्ब आहे की नाही, हेच नक्की नसतं. खुर्चीचंच घ्या. तीन शक्यता दिसतात. रात्री घरात कोणीतरी येतंय. किंवा ती बाई स्वतःच झोपेत उठून खुर्ची फिरवतेय. किंवा खुर्ची मुळी फिरलेलीच नाही, तिला तसं दिसतंय. या तिन्ही शक्यता जिवंत आहेत तोवर ताण आहे. त्यातली एकच उरली की उरतो तो फक्त निकाल.

म्हणून अशा लघुपटातल्या प्रत्येक शॉटला आणि प्रत्येक आवाजाला मी एकच कसोटी लावतो: यातून किमान दोन अर्थ निघतायत का? निघत असतील तर ठेवा. एकच निघत असेल तर तो शॉट शेवटासाठी राखून ठेवा, नाहीतर कापा. पुढे जे काही सांगतोय ते याच कसोटीचे वेगवेगळे उपयोग आहेत.

वेळ कमी असतो, आणि ते बरंच असतं

ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरला जातो. प्रत्यक्षात बरेचसे थ्रिलर लघुपट पाच ते पंधरा मिनिटांत आटोपतात. मोठ्या चित्रपटाला पात्राची ओळख, नोकरी, नाती, भूतकाळ हे सगळं मांडायला अर्धा तास मिळतो. इथे तो मिळत नाही. मग एक जागा, एक-दोन माणसं आणि एकच प्रश्न. बाईचा घटस्फोट झालाय का, ती काय काम करते, हे सांगत बसलात तर तुमची दोन मिनिटं गेली, आणि खुर्चीचा प्रश्नही पातळ झाला. उलट काहीच सांगितलं नाही, तर प्रेक्षक तिच्या घरातल्या वस्तूंवरून अंदाज बांधत बसतो आणि तो अंदाज बांधणं म्हणजेच गुंतणं.

एवढ्या छोट्या अवकाशात किती बसतं याचा जुना नमुना म्हणजे 1913 सालचा ‘सस्पेन्स’ हा अमेरिकन मूकपट. लोइस वेबर आणि फिलिप्स स्मॉली यांनी दिग्दर्शित केलेला, दहाएक मिनिटांचा. मोलकरीण नोकरी सोडून गुपचूप निघून जाते आणि जाताना किल्ली पायपुसण्याखाली ठेवते. घरात आई आणि तान्हं मूल. बाहेर एक भटका घुटमळतोय. नवरा दूर कचेरीत. किल्ली कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे, आईला नाही. इथवर हिचकॉकचा बॉम्बच झाला. पण वेबर त्यापुढे जाते. एका क्षणी ती पडद्याचे तिरक्या रेषांनी तुकडे करते. एका त्रिकोणात फोनवर बोलणारी आई, दुसऱ्यात फोन ऐकणारा नवरा, तिसऱ्यात तो भटका. तिघं तीन ठिकाणी, एकाच वेळी डोळ्यांसमोर. आणि आई खिडकीतून खाली डोकावते तेव्हा कॅमेरा वरून सरळ खाली पाहतो, तो माणूस मान वर करतो आणि थेट आपल्याकडे बघतो. आवाज नाही, रंग नाही, तरी तो चेहरा आजही अंगावर येतो. त्या दहा मिनिटांत एकही शॉट नुसता सजावटीचा नाही.

कॅमेरा कोणाचा?

आता आपली बाई. ती स्वयंपाकघरात भांडी आवरतेय. हा शॉट दोन प्रकारे घेता येतो. कॅमेरा तिच्यासमोर, मोकळ्या जागेत ठेवला तर आपण तिला पाहतोय, एवढंच. तोच कॅमेरा बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत नेला, दाराच्या चौकटीची कड फ्रेमच्या डाव्या बाजूला अर्धवट येऊ दिली आणि ती पाठमोरी ठेवली, तर लगेच वाटतं, हिला कोणीतरी पाहतंय. तिथे माणूस उभा करायची गरज नाही. मधला अडथळा आणि दाराआडची उंची एवढ्यावर प्रेक्षक स्वतःच माणूस उभा करतो. शिवाय नंतर ‘तिथे कोणी नव्हतंच’ असं ठरलं, तरी आपण खोटं बोललो नाही.

हाच शॉट हातात कॅमेरा धरून, किंचित श्वासाएवढा हलता घेतला तर पाहणारा जिवंत वाटतो. ट्रायपॉडवर स्थिर ठेवला तर घरच तिला पाहतंय असं वाटतं. मला दुसरा पर्याय जास्त आवडतो, कारण हलता कॅमेरा ‘माणूस आहे’ या शक्यतेकडे जरा जास्तच झुकतो. पण हा आवडीचा भाग झाला.

लेन्सबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. वाइड लेन्समुळे, म्हणजे जास्त रुंद भाग टिपणाऱ्या लेन्समुळे, चेहरा विचित्र दिसतो, असं म्हणतात. खरं पाहिलं तर चेहऱ्याचा आकार ठरतो कॅमेऱ्याच्या अंतरावरून. वाइड लेन्सने चेहरा फ्रेमभर घ्यायचा तर कॅमेरा अगदी नाकाशी न्यावा लागतो, म्हणून नाक मोठं आणि कान दूर गेलेले दिसतात. लांब लेन्सने, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, दूरवरून घेतलं तर चेहरा सपाट होतो आणि मागची भिंत जवळ सरकल्यासारखी वाटते. पहिल्याने आपण तिच्या डोक्यात शिरल्यासारखे होतो, दुसऱ्याने लांबून टेहळणी केल्यासारखे. दहा मिनिटांत हळूहळू दुसऱ्याकडून पहिल्याकडे गेलात, तर संशय बाहेरच्या माणसावरून सरकत सरकत तिच्या स्वतःच्या मनावर येतो आणि त्यासाठी एक शब्दही बोलावा लागत नाही.

फोकसचं काम सोपं पण गुणी. बाई जवळ, स्पष्ट. तिच्या मागे दार, धूसर. प्रेक्षक तिच्याकडे पाहतच नाही, तो त्या धूसर दाराकडे बघत राहतो. फ्रेममध्ये मुद्दाम सोडलेली रिकामी जागाही तेच करते. बाई एका कडेला आणि उरलेल्या मोठ्या भागात काहीच नाही, असं दिसलं की तिथे काहीतरी येणार असं वाटतं. ते आणू नका. निदान पहिल्या दोन वेळा तरी नाही.

यावरून पुनरावृत्तीचा मुद्दा येतो आणि माझ्या मते छोट्या थ्रिलरमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रभावी हत्यार हेच आहे. पहिली सकाळ: स्वयंपाकघराच्या दारातून घेतलेली फ्रेम, खुर्ची फिरलेली. दुसरी सकाळ: तीच फ्रेम, तोच कोन, तेवढाच वेळ, आणि खुर्ची जागेवर. काहीच घडलेलं नाही. पण आता प्रेक्षक फ्रेमचा कोपरान् कोपरा तपासतोय. पडदा तसाच होता ना? कपाटाचं दार आधी बंद होतं का? तपासायचं काम तुम्ही त्याच्याकडे सोपवलंत, आणि शोधत बसलेल्या माणसाला साध्या वस्तूही संशयास्पद दिसू लागतात. तिसऱ्या सकाळी तीच फ्रेम, फक्त कॅमेरा वीतभर पुढे. हे बहुतेकांच्या लक्षात येणार नाही, अस्वस्थ मात्र वाटेल. नवशिके दिग्दर्शक दर सकाळी नवा, आकर्षक कोन शोधतात आणि हा सगळा फायदा घालवून बसतात.

प्रकाशावर फार लिहीत नाही. अंधार म्हणजे भीती हे समीकरण सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे त्याची धार बोथट झाली आहे. लुकलुकणारा बल्ब तर आता पाहवत नाही. 1920 च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ या जर्मन चित्रपटात सावल्या आणि उजेडाचे पट्टे चक्क नेपथ्याच्या पडद्यांवर आणि जमिनीवर रंगवले होते. सगळं शहर वाकडंतिकडं, आणि शेवटी कळतं की गोष्ट सांगणारा वेड्यांच्या इस्पितळात आहे. शंभर वर्षं उलटून गेलीत, तेव्हा शेवट सांगितल्याचा दोष मला कोणी देऊ नये. जग पात्राच्या मनासारखं दिसावं ही कल्पना तिथे टोकाला नेली होती. आपल्या लघुपटात मी उलट करीन: खुर्ची भर उजेडात ठेवीन. लख्ख सकाळी, काही लपलेलं नसताना जे समजत नाही, ते जास्त छळतं.

कात्रीचं काम

1920 च्या सुमारास रशियातल्या लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा तोच तो निर्विकार चेहरा त्याने वेगवेगळ्या चित्रांना जोडला: सुपाचं भांडं, शवपेटी, तरुण स्त्री. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि वासना दिसली, अशी हकीकत सांगतात. अर्थ शॉटमध्ये नसून दोन शॉट जिथे जोडले जातात तिथे प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतो, हे त्यातून पुढे आलं.

थ्रिलरमध्ये याचा सरळ उपयोग आहेच, पण खरी गंमत दुसरा शॉट न दाखवण्यात आहे. बाई दाराकडे पाहते. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलतं. आपल्याला आता ती काय पाहतेय तो शॉट हवा असतो. सिनेमाने आपल्याला तशी सवयच लावली आहे. तो देऊ नका. तीन सेकंद, चार सेकंद, पाच. मग ती उठून फ्रेमबाहेर जाते आणि आपण रिकाम्या भिंतीशी उरतो. यात नटीने जितकं कमी करावं तितकं चांगलं. भीती अभिनयाने दाखवली की अर्थ एकच उरतो. कोरा चेहरा भीतीही असू शकतो, ओळखही असू शकते.

किती वेळ थांबायचं, हे संकलकाच्या हाती असतं. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी, म्हणजे 24 स्थिर चित्रांनी, चालतो. माहिती कळली की कट करायचा, ही रोजची पद्धत. ताण हवा असेल तर माहिती कळून गेल्यावर अजून एक-दोन सेकंद थांबायचं. ‘अजून का दाखवतायत?’ हा प्रश्न मनात उमटला की काम झालं. बारा चौकटी म्हणजे अर्धा सेकंद, पण संकलनाच्या टेबलावर त्यावरून तासभर वाद होतो आणि तो व्हायलाच हवा.

याहून खोल एक गोष्ट आहे. कट मारून वेळ वगळणं सिनेमात इतकं रूढ आहे की ते आपल्याला जाणवतही नाही. बाई दिवा घालवते, कट, सकाळ झाली. मधले सात तास कुठे गेले, असं कोणी विचारत नाही. मानसशास्त्रीय थ्रिलर नेमकी ही सवय उलटवू शकतो. समजा, दिवसाच एक प्रसंग आहे: ती चहाचा कप घेऊन त्या खुर्चीवर बसते, चहातून वाफ निघतेय. कट. तीच फ्रेम, तीच बाई, तसाच हात. वाफ नाही, खिडकीतला उजेड तिरका झालेला. नेहमीचा वेळ वगळलेला कट की तिच्या आयुष्यातला हरवलेला वेळ? तिलाही माहीत नाही हे तिच्या एका नजरेवरून कळलं की मागचे सगळे कट संशयित होतात. त्या ‘दिवा घालवला, सकाळ झाली’मध्ये काय घडलं होतं? प्रेक्षक मागे जाऊन चित्रपट पुन्हा जुळवू लागतो. एका ओळीचाही संवाद न लिहिता शक्यता क्रमांक दोन जिवंत झाली, आणि पहिली अजून मेलेली नाही.

दिशाभूल करायला 180 अंशांचा नियमही मोडता येतो. दोन पात्रांमधून किंवा पात्र आणि वस्तू यांमधून एक काल्पनिक रेषा धरतात आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवतात, म्हणजे कोण डावीकडे, कोण उजवीकडे याचा गोंधळ होत नाही. रेषा ओलांडली की खुर्ची आणि बाई यांच्या जागा पडद्यावर अदलाबदल होतात. ज्या क्षणी तिचाच स्वतःवरचा भरवसा उडतो, त्या एका क्षणी हे करावं. इतरत्र केलं तर ती फक्त चूक वाटते.

कान आधी घाबरतो

साध्या प्रयोगांत माणूस दृश्यापेक्षा आवाजाला सेकंदाच्या काही शतांशांनी लवकर प्रतिसाद देतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. आणि आवाजाला फ्रेम नसते. दिसणारी वस्तू चौकटीत असावी लागते, ऐकू येणारी कुठेही असू शकते. दोन अर्थांची कसोटी आवाजाइतकी सहज कोणीच पार करत नाही. फरशीवर काहीतरी सरकल्याचा आवाज: खुर्ची, की वरच्या मजल्यावरचं काही, की तिच्या डोक्यातलं?

प्रत्येक खोलीचा एक स्वतःचा मंद आवाज असतो. चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रक सगळ्यांना गप्प बसवून अर्धा-एक मिनिट तो नुसता मुद्रित करून घेतो. त्याला रूम टोन म्हणतात. त्यात फ्रिजची घरघर, पंख्याची लय मिसळायची आणि प्रेक्षकाला तिची इतकी सवय होऊ द्यायची की ती ऐकू येईनाशी होईल. मग एका क्षणी फ्रिज बंद पडतो. आवाज थांबल्यावरच तो इतका वेळ होता हे कळतं आणि अंग ताठरतं. ढोलताशांपेक्षा हे परिणामकारक असतं, शिवाय खर्च शून्य.

दुसरी युक्ती म्हणजे पुढच्या प्रसंगाचा आवाज आधीच्या चित्रावर आणणं. संकलक त्याला जे-कट म्हणतात. बाई झोपलेली दिसतेय आणि खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. कट: सकाळ, ती स्वतःच खुर्ची ओढून बसतेय. झाला आवाजाचा उलगडा. पण तो रात्रीच्या चित्रावर आला होता ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

पार्श्वसंगीताबद्दल माझं मत कडवट आहे. सलग घुमणारा खर्जातला सूर लावून ठेवणं ही आजच्या लघुपटांची खोड झाली आहे. तो सूर प्रेक्षकाला आधीच सांगतो, घाबरा. म्हणजे अर्थ एकच. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मध्ये (1963) नेहमीचं पार्श्वसंगीत नाही, ट्राउटोनियम या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर तयार केलेले पक्ष्यांचे आवाज आणि शांतता यांवरच काम भागवलं आहे. खर्ज वापरायचाच असेल तर एक व्यावहारिक अडचण लक्षात ठेवा. लघुपट बहुतेक लोक मोबाइलवर पाहतात आणि त्याच्या टीचभर स्पीकरमधून 100 हर्ट्झखालचं जवळजवळ काही येतच नाही. स्टुडिओत पोटात गोळा आणणारा तो सूर फोनवर गायब असतो.

आणि फसवा धक्का? 1942 च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री एकटी चाललेली असते, मागची पावलं ऐकू येईनाशी होतात, शांतता ताणली जाते आणि अचानक हिंस्र फिस्कारा येतो. तो असतो फ्रेममध्ये घुसलेल्या बसच्या ब्रेकचा. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावावरून या युक्तीला ‘ल्यूटन बस’ म्हणू लागले. दहा मिनिटांत ती एकदाच परवडते. दुसऱ्यांदा केली की प्रेक्षक ताण सोडून देतो, कारण त्याला कळतं, हा आपल्याला नुसतं दचकवतोय.

खोटं कुठवर चालतं

पात्राला चुकीचं दिसू शकतं. पण कॅमेऱ्याने खोटं दाखवावं का? हिचकॉकचं नाव पुन्हा येतंय, इलाज नाही. ‘स्टेज फ्राइट’मध्ये (1950) त्याने एका पात्राने सांगितलेली हकीकत फ्लॅशबॅक म्हणून दाखवली आणि ती नंतर खोटी निघते. असं करायला नको होतं, हे त्याने पुढे त्रुफोजवळ स्वतःच मान्य केलं. प्रेक्षक पात्राच्या बोलण्यावर संशय घेतो, पडद्यावर घडलेल्या दृश्यावर सहसा घेत नाही.

याचा अर्थ असं दृश्य कधीच नको, असा मी घेत नाही. अट एवढीच की ते कोणाच्या नजरेतून आहे याची खूण आधी पेरलेली हवी. खुर्ची फिरलेली दिसते तो प्रत्येक शॉट जर बाईच्या नजरेला जोडून आला असेल, आणि ती नसताना घेतलेल्या एकाही शॉटमध्ये खुर्ची फिरलेली नसेल, तर ‘तिला तसं दिसत होतं’ हा शेवट न्याय्य आहे. दुसऱ्यांदा पाहणारा खूण शोधून काढेल आणि खूश होईल. ‘ते सगळं स्वप्न होतं’ हा शेवट याच अटीवर नापास होतो, कारण तिथे मागची एकही खूण उपयोगाची नसते.

शेवट सगळं उलगडणारा हवा की अर्धवट सोडणारा, यावर दोन तट आहेत. मी म्हणेन, तीनपैकी एक शक्यता नक्की मारा. तिन्ही तशाच ठेवल्या तर लेखकालाच उत्तर माहीत नव्हतं असं वाटतं. दोन मारल्या तर कोडं सुटतं आणि विसरलं जातं.

लघुपट जुळवून झाला की तो गोष्ट अजिबात माहीत नसलेल्या चार-पाच जणांना वेगवेगळं बसवून दाखवावा, मध्यावर थांबवावा आणि विचारावं, काय चाललंय असं वाटतं? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर कुठल्यातरी शॉटने शक्यता आधीच मारल्या आहेत. बहुधा औषधाच्या बाटलीचा तो क्लोज-अप, जो घेताना सगळ्यांना फार सूचक वाटला होता. सगळे ‘कळलं नाही’ म्हणाले तर प्रश्नच नीट मांडला गेलेला नाही, आणि पहिल्या रात्री चार खुर्च्या आत सरकवण्याचा शॉट आणखी दोन सेकंद लांबवावा लागेल. उत्तरं वेगवेगळी आली आणि प्रत्येकाने आपलं उत्तर ठासून सांगितलं, तर संकलन तिथेच थांबवून ध्वनिमिश्रणाला जावं.